‘सावध असा, जागे राहा’ : पेत्राच्या एका वचनातील ग्रीक शब्द पायरीपायरीने कसे वाचावेत

येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील आठवे वचन मराठी ख्रिस्ती घरांत बहुतेकांना तोंडपाठ असते : ‘सावध असा, जागे राहा, तुमचा शत्रू सैतान हा गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळावे हे शोधत फिरतो.’ तोंडपाठ वचनाची अडचण अशी की ते ओठांवर येते, पण त्यातला एकेक शब्द सुटा होऊन कानावर पडत नाही. सांगलीत आमच्या गुरुवारच्या अभ्यासवर्गात हे वचन वाचून झाल्यावर एका आजींनी मला सरळ विचारले, “मास्तर, सावध असणं आणि जागं राहणं यांत फरक काय? जो जागा आहे तो सावधच की!” मी वेळ मारून नेली. जोर यावा म्हणून एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, असे उत्तर मी दिले. आजींनी मान डोलावली, पण ते उत्तर चुकीचे आहे हे घरी येऊन मूळ ग्रीक मजकूर उघडताच माझ्या ध्यानात आले. त्यानंतर ज्या क्रमाने मी ते वचन पुन्हा वाचले तोच क्रम येथे मांडत आहे. ग्रीक न शिकलेल्या पण वचन बारकाईने वाचू इच्छिणाऱ्या कोणालाही तो वापरता येईल.

साहित्य थोडेच लागते. आपले नेहमीचे मराठी पवित्र शास्त्र, एक वही, पेन्सिल आणि ग्रीक शब्दांना क्रमांक दिलेले एखादे संस्करण पुरे. हे क्रमांक जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० साली प्रसिद्ध झालेल्या शब्दसूचीतले आहेत. मोबाईलवर मोफत मिळणाऱ्या अनेक ॲपमध्ये शब्दावर बोट ठेवले की ते दिसतात. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेले मराठी भाषांतर मिळाले तर तेही शेजारी ठेवावे. एकाच वाक्याची दोन मराठी रूपे समोर असली की मूळ शब्द कुठे अडला आहे ते लवकर कळते.

आधी मराठीतच थांबावे

ग्रीककडे धाव घेण्यापूर्वी आपल्या भाषांतरातले शब्द कुठे कुठे आले आहेत ते पाहावे. ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त हाती लागते ते इथेच. पेत्राच्या वचनातील दोन आज्ञा वहीत एकाखाली एक लिहा : ‘सावध असा’ आणि ‘जागे राहा’. आता करिंथकरांस पहिल्या पत्राचा सोळावा अध्याय, तेरावे वचन उघडा. तिथेही सुरुवातीला ‘सावध असा’ आहे आणि पुढे विश्वासात स्थिर राहण्याची, खंबीर होण्याची आज्ञा आहे. मग थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय, सहावे वचन पाहा. तिथे ‘जागे व सावध’ अशी जोडी आहे. तिन्ही ठिकाणी ‘सावध’ म्हणजे एकच मूळ शब्द असणार, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात पेत्राच्या आणि थेस्सलनीकेच्या पत्रातला ‘सावध’ हा एक ग्रीक शब्द आहे, तर करिंथच्या पत्रातला ‘सावध’ दुसराच आहे, आणि तो दुसरा शब्द पेत्राच्या वचनात ‘जागे राहा’ या रूपाने आला आहे. म्हणजे आजींचा गोंधळ आजींचा नव्हता; आपल्या छापील मराठीतच दोन नाण्यांवर एक छाप पडला होता.

भाषांतरकारांना मी दोष देणार नाही. ‘सावध’ हा शब्द ‘स’ आणि ‘अवधान’ यांतून आलेला, लक्ष जागेवर असलेला असा त्याचा अर्थ, आणि मराठी माणसाच्या कानात तो लग्नमांडवापासून बसलेला. ‘शुभमंगल सावधान’ ऐकताच बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थ रामदासांची परंपरागत कथा इकडच्या प्रत्येक घराने ऐकलेली आहे. इतका भरलेला शब्द हाताशी असताना तो वापरण्याचा मोह कोणालाही होईल. मात्र अवधान ही एक गोष्ट आहे, शुद्ध ही दुसरी, आणि जाग ही तिसरी. पेत्र त्यांतल्या शेवटच्या दोन गोष्टींविषयी बोलतो आहे.

मग ग्रीक ओळ देवनागरीत उतरवून घ्यावी

उच्चार काटेकोर नसला तरी चालेल. ओळ हाताने लिहिली की शब्द वेगळे दिसू लागतात. ती अशी आहे : ‘नेप्साते, ग्रेगोरेसाते. हो आन्तिदिकोस हुमोन दियाबोलोस होस लेओन ओरुओमेनोस पेरिपातेई झेतोन तिना कातापिएइन.’ पहिल्या दोन आज्ञांच्या मध्ये ‘आणि’ नाही. दोन शब्द दोन हाकांसारखे एकामागून एक येतात. आपल्या भाषांतराने ती ठेवण नेमकी राखली आहे.

प्रत्येक शब्दाखाली त्याचा क्रमांक लिहावा. नेप्साते ३५२५, ग्रेगोरेसाते ११२७, आन्तिदिकोस ४७६, दियाबोलोस १२२८, ओरुओमेनोस ५६१२, कातापिएइन २६६६. हा क्रमांक शब्दाच्या मूळ रूपाचा असतो, वाक्यात आलेल्या रूपाचा नसतो, हे विसरू नये. क्रमांकाशेजारी अर्थांची यादी दिसते, आणि त्या यादीतला आपल्याला आवडलेला अर्थ उचलून वचनात बसवायचा ही सवय अभ्यासाला घातक ठरते. ती यादी म्हणजे तो शब्द वेगवेगळ्या वाक्यांत काय काय काम करतो त्याची नोंद असते. एका वाक्यात तो ती सगळी कामे एकदम करत नाही. म्हणून यादी वाचण्याऐवजी तो शब्द जिथे जिथे आला आहे ती वचने उघडून वाचावीत. शब्द कमी वेळा आला असेल तर एका संध्याकाळीही ते काम होते.

नेफो : शुद्धीवर असणे

नेप्सातेचे मूळ क्रियापद नेफो. नव्या करारात ते सहाच वेळा येते : थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात दोनदा (५:६ आणि ५:८), तीमथ्याला दुसऱ्या पत्रात एकदा (४:५), आणि उरलेले तीनदा पेत्राच्या या पहिल्या पत्रात (१:१३, ४:७, ५:८). पाचच अध्यायांच्या पत्रात निम्मी उदाहरणे सापडावीत यावरून हा पेत्राचा आवडता शब्द आहे असे म्हणायला हरकत नाही.

त्याचा साधा अर्थ मद्य न घेतलेला असणे, नशेत नसणे असा आहे. ग्रीक लोक काही देवतांना मद्याविना पाणी, दूध, मध यांचे अर्पण करीत, आणि अशा अर्पणांना याच शब्दाच्या घराण्यातले ‘नेफालिया’ हे नाव होते. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, नोहा मद्याच्या गुंगीतून शुद्धीवर आला (उत्पत्ती ९:२४) तिथे याच क्रियापदाला उपसर्ग लावून ‘एक्सेनेप्सेन’ असे रूप आले आहे. पौल थेस्सलनीकेच्या पत्रात तर झोपणारे रात्री झोपतात आणि झिंगणारे रात्री झिंगतात असे सांगून मगच आपण दिवसाचे असल्यामुळे शुद्धीवर राहू या असे म्हणतो. तिथे झोपेच्या विरुद्ध जागणे आणि नशेच्या विरुद्ध नेफो अशा दोन जोड्या समोरासमोर मांडल्या आहेत. आजींच्या प्रश्नाचे उत्तर या तीन वचनांत (५:६ ते ८) आहे. झोप वेगळी, नशा वेगळी. तेव्हा त्यांवरचे उतारेही वेगळे.

जागा माणूस शुद्धीवर नसू शकतो याचा अनुभव सांगलीकराला वेगळा सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. त्या रात्री आमच्या गल्लीत एकही माणूस झोपला नव्हता. गच्चीवर बसून जो तो मोबाईल पाहत होता, आणि धरण फुटल्याचा निरोप दर पंधरा मिनिटांनी कुठून तरी येत होता. तो वाचून कोणी गाद्या जिन्यात टाकल्या, कोणी पेटता गॅस तसाच सोडून वर धावले, आणि एक कुटुंब तर ज्या बाजूला पाणी अधिक होते तिकडेच निघाले होते. त्यांना हाका मारून परत बोलवावे लागले. समोरच्या घरातील एका वृद्ध गृहस्थांनी मात्र संध्याकाळीच विटेच्या तुकड्याने जिन्याच्या भिंतीवर रेघा ओढून ठेवल्या होत्या. दर अर्ध्या तासाने ते बॅटरी घेऊन खाली जात आणि वर येऊन सांगत, “दोन बोटं चढलंय.” पहाटे कधीतरी म्हणाले, “आता थांबलंय.” जागे आम्ही सगळेच होतो. नेफो हे क्रियापद त्या रात्री लागू पडत होते ते एकट्या त्यांना.

म्हणून ‘नेप्साते’ला ‘शुद्धीवर राहा’ किंवा ‘भानावर राहा’ हे शब्द मला ‘सावध असा’पेक्षा जवळचे वाटतात. मंडळीत मोठ्याने वाचताना मी छापील शब्दच वाचतो, कारण पिढ्यांच्या कानांना झालेली सवय मोडण्याचा अधिकार मला नाही. समासात मात्र पेन्सिलीने ‘भानावर’ लिहून ठेवले आहे.

एक जागा आवर्जून पाहण्यासारखी आहे. तीमथ्याला पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील अकराव्या वचनात स्त्रियांविषयी दोन शब्द शेजारी शेजारी आले आहेत : ‘मे दियाबोलुस, नेफालियुस’, म्हणजे चहाडखोर नसाव्यात, शुद्धीवर असाव्यात. पेत्राच्या वचनातील ‘दियाबोलोस’ आणि ‘नेप्साते’ या दोन्ही शब्दांचे हे सख्खे नातलग. सैतानाचे नाव आणि चहाडीचा अवगुण ग्रीकमध्ये एकाच शब्दाने सांगितला जातो, हे मला या वचनाने शिकवले.

ग्रेगोरेओ : आपलाच जागर

दुसरी आज्ञा ‘ग्रेगोरेसाते’. मूळ क्रियापद ग्रेगोरेओ, नव्या करारात वीसहून अधिक वेळा येते, त्यामुळे सगळी वचने एका बैठकीत होणार नाहीत. मत्तयाचे अध्याय २४ ते २६, मार्काचे १३ आणि १४, प्रेषितांची कृत्ये २०:३१ आणि प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय एवढे प्रथम वाचावे.

इथे मराठी वाचकाला एक आनंदाची गोष्ट सापडते. ‘एगेइरो’ म्हणजे जागे करणे, उठवणे. त्याचे जुने पूर्णकालवाचक रूप ‘एग्रेगोरा’, म्हणजे ‘मी जागा झालो आहे, आणि जागाच आहे’. पुढे या रूपापासूनच ग्रेगोरेओ हे नवे क्रियापद तयार झाले. संस्कृतात नेमके हेच घडले आहे. ‘जागार’ हे जुने पूर्णकालवाचक रूप आणि त्यावरून ‘जागर्ति’ हे क्रियापद; आपला जागर, जागृती, जागा हे सगळे तिथून आलेले. भाषाशास्त्राप्रमाणे ग्रीक आणि संस्कृत ही दोन रूपे एकाच प्राचीन धातूची संतती आहेत. नवरात्रात देवीचा जागर म्हणणारा आणि पेत्राचे पत्र ग्रीकमध्ये ऐकणारा, दोघांच्या तोंडी मुळात एकच शब्द आहे. ग्रेगरी हे नावही याच घराण्यातले, म्हणजे आपल्याकडे एखाद्याचे नाव ‘जागृत’ ठेवावे तसे.

हा मेळ पाहून हुरळून मात्र जाऊ नये. शब्दाचे कूळ कळले म्हणून वाक्याचा अर्थ सिद्ध होत नाही. कूळ स्मरणात ठेवायला उपयोगी पडते. अर्थ ठरतो तो त्या काळचे लोक तो शब्द कसा वापरत होते त्यावरून. या वापराकडे पाहिले तर ग्रेगोरेओमध्ये डोळे उघडे असण्यापेक्षा अधिक काही आहे, त्यात कामावर असणे आहे. मार्क १३:३४ मध्ये घरधनी परदेशी जाताना द्वारपाळाला जागे राहण्याची आज्ञा देतो. द्वारपाळाचे जागरण हे त्याचे काम आहे. रात्रभर झोप न लागल्यामुळे डोळे उघडे असणाऱ्याचे ते जागरण नव्हे. नुसत्या झोप न घेण्याला ग्रीकमध्ये ‘आग्रुप्नेओ’ (क्रमांक ६९) हे वेगळे क्रियापद आहे, त्यात ‘हुप्नोस’ म्हणजे झोप हा शब्द दडलेला आहे, आणि हा ‘हुप्नोस’ आपल्या ‘स्वप्ना’चा भाऊबंद आहे. पौल आपल्या हालअपेष्टा सांगताना ज्या जागरणांचा उल्लेख करतो (करिंथकरांस दुसरे पत्र ६:५ आणि ११:२७) ती या आग्रुप्नेओची आहेत. तरीही दोहोंमध्ये भिंत उभी करू नये, कारण लूक २१:३६ मध्ये प्रार्थनेसह जागे राहण्यासाठी आग्रुप्नेओच वापरले आहे.

पहारा नसण्याची किंमत काय असते ते प्रकटीकरण ३:२ आणि ३ मध्ये सार्दीसच्या मंडळीला लिहिलेल्या ओळींवरून समजते. सार्दीसचा बालेकिल्ला इतिहासात दोनदा पडला, एकदा इराणच्या सायरसने घेतला तेव्हा आणि पुन्हा तिसऱ्या अँटायोकसच्या काळात, आणि दोन्ही वेळा शत्रू वर चढला तो ज्या कड्यावरून कोणी येणार नाही म्हणून पहारा ठेवलेला नव्हता त्या बाजूने. गडकोटांच्या मुलखात वाढलेल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको.

आणि हा शब्द पेत्राने उच्चारावा याला वेगळे वजन आहे. गेथशेमानेच्या बागेत झोपी गेलेल्या शिष्यांपैकी येशूने नाव घेऊन ज्याला विचारले तो तोच (शिमोन हे पेत्राचेच मूळ नाव) : “शिमोना, तू झोपलास काय?” घटकाभर जागे राहण्याची तुला शक्ती नव्हती काय, या पुढच्या प्रश्नात (मार्क १४:३७) हेच ग्रेगोरेओ आहे. पत्रात तो ती हकिकत सांगत नाही.

काळ आणि रूप यांची एक फसवी पायरी

नेप्साते आणि ग्रेगोरेसाते ही दोन्ही रूपे ‘एओरिस्ट’ नावाच्या प्रकारातली आज्ञार्थी रूपे आहेत. मार्क १३ मध्ये ग्रेगोरेओची जी आज्ञा येते ती वर्तमान रूपात, ‘ग्रेगोरेइते’ अशी आहे. काही वर्षांपूर्वी मी एका प्रवचनात मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते की एओरिस्ट म्हणजे ‘एकदाच, कायमचे’, आणि म्हणून पेत्र एका क्षणी घ्यावयाच्या निर्णयाविषयी बोलतो आहे. ऐकणाऱ्यांना ते आवडले. ते चूक होते, हे मला त्याच पत्राने दाखवले.

दुसऱ्या अध्यायाचे सतरावे वचन पाहा. त्यात चार आज्ञा आहेत. सर्वांना मान द्या, इथे एओरिस्ट ‘तिमेसाते’. बंधुवर्गावर प्रीती करा, देवाचे भय धरा, या वर्तमान रूपात. आणि शेवटी राजाला मान द्या, इथे तेच क्रियापद पण वर्तमान रूपात, ‘तिमाते’. माझा नियम खरा असता तर सर्वांना एकदाच मान देऊन मोकळे व्हावे आणि राजाला मात्र जन्मभर देत राहावे, असा अर्थ झाला असता! एओरिस्ट कृतीकडे संपूर्ण एक गोष्ट म्हणून पाहते, ती किती वेळ चालेल याविषयी काही बोलत नाही. या पत्रात पेत्राची आज्ञा देण्याची रीतच बहुधा एओरिस्टची आहे. तेव्हा या वचनात त्या रूपातून फार तर आज्ञेचा ठामपणा ऐकावा आणि पुढे जावे.

समोर उभा आहे तो कोण

‘तुमचा शत्रू’ यातील शत्रूसाठी आलेला ‘आन्तिदिकोस’ हा रणांगणापेक्षा कचेरीतला शब्द आहे. ‘आन्ति’ म्हणजे विरुद्ध आणि ‘दिके’ म्हणजे न्याय, दावा. आपल्या ‘प्रतिवादी’ या शब्दाची घडण अगदी तशीच आहे. नव्या करारात हा शब्द पाचदा येतो, मत्तय ५:२५ मध्ये दोनदा, लूक १२:५८, लूक १८:३ आणि येथे. मत्तय आणि लूक यांतल्या चारही जागी न्यायाधीश जवळपास उभा आहे. जमिनीच्या दाव्यात तारखांवर तारखा पाहिलेल्या आपल्या भागातील माणसाला या शत्रूचे रूप लगेच ओळखू येईल : तो तलवार घेऊन येत नाही, कागद घेऊन येतो, आणि तुमच्याविरुद्ध बोलतो.

पुढचा ‘दियाबोलोस’ हा शब्द तेच चित्र पूर्ण करतो. ‘दियाबाल्लो’ म्हणजे एखाद्याविषयी वाईट सांगणे, आळ घेणे. सेप्टुआजिंटच्या भाषांतरकारांनी ईयोबाच्या पुस्तकात हिब्रू ‘सातान’साठी हाच शब्द निवडला, आणि जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात महायाजक यहोशवाच्या उजव्या हाताला त्याच्यावर आरोप करण्यासाठी जो उभा राहतो तोही ग्रीकमध्ये दियाबोलोसच आहे. मराठीत आपण ‘सैतान’ म्हणतो. तो शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि मुळात हिब्रूशी नाते सांगणारा असला, तरी त्यात आळ घेणारा हा अर्थ आज कोणाला ऐकू येत नाही. शिंगे आणि शेपूट तेवढी दिसतात.

तोल राखण्यासाठी हेही सांगितले पाहिजे की सेप्टुआजिंटमध्ये आन्तिदिकोस साध्या ‘विरोधक’ या अर्थानेही येतो. म्हणून ‘शत्रू’ हे भाषांतर चूक नाही. कचेरीचा वास त्याला आहे, एवढे समासात नोंदवावे.

सिंह ओरडतो कशाला

वर्गात हा भाग आला तेव्हा शिराळ्याकडच्या एका शेतकरी बांधवांनी हरकत घेतली. रात्रीची लाईट असली की त्यांना उसाला दारे धरायला जावे लागते, आणि त्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो म्हणून ते मोबाईलवर मोठ्याने भजने लावून बांधावरून फिरतात. ते म्हणाले, “मास्तर, धरणारं जनावर ओरडत नाही. बिबट्या कधी आला ते कळतसुद्धा नाही. ओरडतंय ते भिववायला ओरडतंय.”

त्यांच्या या वाक्याने मला शब्दसूचीकडे परत पाठवले. ‘ओरुओमाइ’ हे क्रियापद नव्या करारात इथे एकदाच येते. असा एकटा शब्द भेटला की जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात शोधावे, कारण पेत्राच्या वाचकांच्या कानात तेच भाषांतर होते. आपल्या क्रमाने बाविसाव्या स्तोत्राचे तेरावे वचन घ्या. तिथे फाडणाऱ्या आणि गर्जणाऱ्या सिंहासाठी हेच क्रियापद आहे. एकशे चाराव्या स्तोत्राच्या एकविसाव्या वचनात तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जतात आणि देवाजवळ अन्न मागतात, तिथे गर्जण्याचे हेच क्रियापद आहे आणि शोधण्यासाठी आलेले क्रियापद पेत्राच्या ‘झेतोन’चेच आहे. (ग्रीक स्तोत्रसंहितेचे क्रमांक बहुतेक ठिकाणी एकाने मागे असतात, म्हणून ही दोन स्तोत्रे तिथे २१ आणि १०३ या क्रमांकांवर सापडतील.) ‘पेरिपातेई’ म्हणजे फिरतो, हेही ईयोब १:७ ची आठवण करून देते, तिथे सैतान पृथ्वीवर हिंडून फिरून आलो असे सांगतो.

तेव्हा स्तोत्रांच्या भाषेत गर्जना आणि भक्ष्य यांची जोडी आहेच. पण शेतकरी बांधवांचे निरीक्षण मला टाकून देण्यासारखे वाटत नाही. पत्राचे वाचक पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत विखुरलेले, छळ सोसणारे लोक होते. अध्यायाच्या आरंभी पेत्र मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, कळप राखायला सांगतो, आणि कळपावर आलेल्या जनावराच्या आवाजाने मेंढी बिथरून बाहेर पळाली की तिची शिकार होते, हे आटपाडी-जतकडच्या कोणत्याही मेंढपाळाला ठाऊक आहे. हा माझा अंदाज आहे, शब्दाचा अर्थ नव्हे, म्हणून वहीत तो वेगळ्या पानावर लिहिला आहे. शब्दार्थ आणि आपले चिंतन यांना दोन पाने द्यावीत, ही सवय मी सर्वांना सुचवीन.

‘कोणाला गिळावे’ यातील ‘तिना’ या शब्दाची एक छोटी गंमत. प्राचीन हस्तलिखितांत स्वराघाताच्या खुणा नव्हत्या, त्यामुळे तो ‘कोणाला तरी’ असाही वाचता येतो आणि ‘कोणाला?’ असा प्रश्नार्थकही. व्हॅटिकनच्या प्रसिद्ध हस्तलिखितात तर तो शब्दच नाही. आपल्या मराठीत प्रश्नार्थक वाचन उतरले आहे.

शेवटचे क्रियापद ‘कातापिनो’. ‘काता’ म्हणजे खाली आणि ‘पिनो’ म्हणजे पिणे, आपल्या ‘पिणे’शी मुळात नाते असलेले. घोटात उतरवणे, चघळायला काही न ठेवता गिळून टाकणे, असा त्याचा वापर आहे : मत्तय २३:२४ मध्ये उंट गिळणारे परूशी, इब्री ११:२९ मध्ये मिसऱ्यांना गिळणारा समुद्र, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५:५४ मध्ये विजयात गिळले गेलेले मरण. वचनाची सुरुवात न प्यालेल्या माणसाने होते आणि शेवट पिऊन टाकणाऱ्या जनावराने होतो, हे पाहून प्रवचनकाराला मोह होईल. पेत्राने हा खेळ जाणून केला असे दाखवणारे काही वाक्यात नाही. म्हणून तेही दुसऱ्या पानावर.

आपली ओळ तयार करून नववे वचन उघडावे

आता सगळे शब्द बाजूला ठेवून स्वतःच्या मराठीत ओळ लिहावी. माझ्या वहीत ती अशी आहे : ‘भानावर राहा, पहाऱ्यावर जागे राहा, तुमच्यावर आळ घेणारा तुमचा प्रतिवादी गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरत आहे, कोणाला गिळता येईल ते शोधत आहे.’ ती छापण्यासाठी नाही, ताडून पाहण्यासाठी आहे. ती घेऊन मागचे सातवे वचन वाचले तर, चिंतेचा भार देवावर टाकलेल्या माणसालाच पुढच्या वचनात भानावर राहायला सांगितले आहे, हे दिसते. पुढच्या नवव्या वचनात ‘आन्तिस्तेते’ म्हणजे विरुद्ध उभे राहा ही आज्ञा येते, आणि ‘आन्तिदिकोस’मधले ‘आन्ति’ आता वाचकाच्या बाजूने ऐकू येते. पळायला सांगितलेले नाही, धावून जायलाही नाही. ‘स्तेरेओइ’, घट्ट, आपल्या जागी उभे राहायचे आहे.

हीच रीत स्वतःच्या हाताने करून पाहायची असेल तर मार्क १३:३३ ते ३७ घ्यावे. पाच वचनांत तीन वेगळी क्रियापदे आहेत : पाहणे (ब्लेपो, ९९१), झोप न घेणे (६९) आणि पहाऱ्यावर जागणे (११२७). कोणते कुठे आहे ते शोधून मराठी शब्दांशेजारी क्रमांक मांडावेत. पस्तिसाव्या वचनात रात्रीचे चार भाग येतात, संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि पहाट, आपल्या रात्रीच्या चार प्रहरांसारखे. ते वहीत एका ओळीत लिहून घ्यावेत, मग पान उलटून चौदावा अध्याय वाचावा आणि त्यातल्या कोणत्या वेळी पेत्र कुठे होता आणि काय करत होता ते प्रत्येक प्रहराखाली लिहीत जावे. आमच्या वर्गात हे आजींनी सर्वांत आधी पूर्ण केले, आणि कोंबडा आरवण्याच्या रकान्यात त्यांनी फक्त ‘रडला’ एवढेच लिहिले होते.